उरलेल्यांचा हिशेब

आमच्या बऱ्हाणपुरात शेतावरच्या विषाला कोणी विष म्हणत नाही. घरी मराठीत आपण 'औषध मारले' म्हणतो. दुकानाच्या पायरीवर चढलो की 'दवाई दे दो' म्हणतो. अळीची इल्ली होते, बोंडाचा डेंडू होतो, पण बाटलीतला पदार्थ दोन्ही भाषांत औषधच राहतो. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाला एक सोय असते. एका भाषेने झाकलेली गोष्ट पुष्कळदा दुसरीत उघडी पडते. या बाबतीत मात्र दोन्ही भाषांनी संगनमत केले आहे.

असेच संगनमत आणखी एका वाक्याबाबत आहे. 'अळीला औषधाची सवय झाली.' 'इल्ली को आदत पड़ गई.' लालबागेतल्या आमच्या ओट्यावर हे वाक्य मी गेली तीस वर्षे ऐकतो आहे आणि पुष्कळदा स्वतःही बोललो आहे. हा लेख त्या एका वाक्याविषयी आहे. ते विज्ञानाच्या दृष्टीने चुकीचे आहे एवढेच असते, तर मी ते शाळामास्तरांवर सोपवले असते. पण त्या वाक्याच्या आड एक जबाबदारी लपली आहे, आणि तिचा काही भाग माझा आहे.

ते वाक्य मला पहिल्यांदा टोचले त्याची हकिकत आधी सांगतो. १९९७ चा भाद्रपद. पाच एकर कपाशी, छातीएवढी वाढलेली. सहा फवारण्या झाल्या होत्या आणि हिरवी बोंडअळी तरीही बोंडात डोके खुपसून बसली होती. दुकानदाराने सांगितले, "एक की जगह दो ढक्कन डालो, और साथ में यह भी मिला दो." माप म्हणजे बाटलीचे झाकण, ते त्या काळी सर्वांचेच माप होते. ड्रममध्ये दोन औषधे मी माझ्या हाताने कालवली. पंप पाठीवर घेतला तो मात्र आमच्या सालदाराने. तोंडाला रुमाल, पायांत काही नाही, आणि वारा समोरून.

दुपारी तो बांधावर बसला तो उठेना. घाम, उलट्या, तोंडातून लाळ, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. बैलगाडीने सडकेपर्यंत आणि तिथून जीपने दवाखान्यात नेले. ॲट्रोपीनची इंजेक्शने मिळाली म्हणून तो वाचला. संध्याकाळी मी पंप आणायला शेतात गेलो. ओळीने बोंडे पाहिली. ज्या अळीवर दुप्पट विष पडले होते ती खात होती, आणि ज्याने ते मारले तो सलाईनवर होता. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन त्याने मला विचारले, "भाऊ, इल्ली मरी क्या?"

मी म्हणालो, "दादा, उसको आदत पड़ गई है."

तेव्हा मला दुसरे उत्तर ठाऊक नव्हते. पुढे वाचत, विचारत गेलो तेव्हा कळले की अळीला सवय वगैरे काही झालेली नव्हती.

सवय ही एका जिवाला लागते. तंबाखू खाणाऱ्याला पहिल्या दिवशी चक्कर येते, महिन्याने येत नाही, ती सवय. अळीचे आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे. फवारणीत जी मरायची ती मरते, जी जगायची ती जगते. कोणतीही अळी कालच्यापेक्षा आज काही शिकून येत नाही. बदलते ती अळ्यांची वस्ती. समजा एका शिवारात लाख अळ्या आहेत आणि त्यांतल्या दहांना ते विष पचते. फवारणीने बाकीच्या जवळजवळ सगळ्या गेल्या. आता त्या दहांना अन्न भरपूर, जागा भरपूर, आणि जोडीदार म्हणून उरले तेही पचवणारेच. एका मोसमात तीन-चार पिढ्या होतात. दिवाळीपर्यंत शिवारात कोणाची वस्ती वाढेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

विष पचते म्हणजे काय होते? सायपरमेथ्रीन असो की मोनोक्रोटोफॉस, त्याला अळीच्या मज्जातंतूंपर्यंत पोचावे लागते. त्वचा आणि मज्जातंतू यांच्यामध्ये अळीचे आतडे आहे, चरबीचा थर आहे, आणि तिथे विकरांची, म्हणजे एंझाइमांची, फौज कामाला असते. तिचे मुख्य तीन विभाग. ताप्ती मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या वस्तीत मी वाढलो, म्हणून मला ते गिरणीतल्या खात्यांसारखे वाटतात. पहिले खाते सायटोक्रोम पी-४५० या विकरांचे. ते विषाच्या रेणूवर प्राणवायू चढवून त्याला पाण्यात विरघळण्याजोगा करतात. दुसरे एस्टरेजांचे, ते रेणूचा मधला सांधा कापतात, आणि काही वेळा रेणूला नुसते धरून ठेवतात. तिसरे खाते ग्लुटाथिओन नावाच्या पदार्थाला विष जोडून गाठोडे बाहेर टाकणारे. ज्या अळीत ही खाती तेजीत चालतात, तिच्यात विष मज्जातंतूंना पोचण्याआधीच निकामी होते. कीटकशास्त्रज्ञ याला चयापचयी प्रतिकार म्हणतात.

ही खाती आपल्या फवारणीसाठी उघडलेली नाहीत. ती फार जुनी आहेत. वनस्पती पळू शकत नाहीत म्हणून त्या विष तयार करतात. कपाशीच्या पानावर आणि सरकीत जे बारीक काळे ठिपके दिसतात त्यांत गॉसिपॉल असते, तंबाखूत निकोटीन असते. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात पायरेथ्रम असते. आपली सिंथेटिक पायरेथ्रॉइड त्याच्याच नकलेवर बेतलेली आहेत. लाखो वर्षे किडे ही विषे खात आणि पचवत आले. आपण नवी बाटली उघडली तेव्हा समोर अडाणी शत्रू नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या विषाच्याच घरात राहिलेले कुळ होते.

हिरव्या बोंडअळीतला एक शोध मला विशेष बोलका वाटतो. २०१२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवले की ऑस्ट्रेलियातल्या या अळीत पी-४५० ची शेजारशेजारची दोन जनुके कधीतरी चुकून एकमेकांत जोडली गेली आणि एकाचे डोके, दुसऱ्याचे धड असे तिसरेच जनुक तयार झाले. त्याचे विकर फेनव्हलरेट हे पायरेथ्रॉइड पचवते. पुढे तेच जनुक इतर अनेक देशांतल्या अळ्यांतही सापडले. जनुकांची अशी चूक निसर्गात घडत असते आणि बहुधा विरून जाते. ही विरली नाही, कारण ज्यांच्यात ती नव्हती त्यांना मारण्याचे काम आपण नेमाने करत राहिलो. अळीने काही कमावले नाही. निवड आपण केली.

लोक रक्तबीजाची उपमा देतात. एक थेंब सांडला की नवा राक्षस! ऐकायला ती बरी वाटते, पण ती चुकीची आहे. रक्तबीजाच्या गोष्टीत सांडलेल्या रक्तातून नवे उठतात. इथे जे मेले ते संपले, त्यांच्यातून काहीही उठत नाही. उठतात ते आपण मारू न शकलेल्यांतून. पेराल ते उगवेल, असे आपले वाडवडील सांगत. फवारणीची म्हण वेगळी करावी लागेल: माराल त्याप्रमाणे उरेल.

हे कोणाला माहीत नव्हते, असेही म्हणता येत नाही. १९१४ सालीच ए. एल. मेलँडर या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने, किडे फवारणीला दाद देईनासे होऊ शकतात काय, असा सरळ प्रश्न विचारणारा निबंध लिहिला होता. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्यूलर यांना १९४८ साली नोबेल मिळाले, तोवर युरोपातली घरमाशी डीडीटीला जुमानेनाशी झाली होती. आज अशा कीटकांच्या व कोळ्यांच्या पाचशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत.

आपल्याकडे पायरेथ्रॉइड १९८० च्या सुमारास आली. पहिली काही वर्षे ती जादू वाटली. १९८७ साली आंध्रात गुंटूर-प्रकाशम भागात हिरव्या बोंडअळीने कपाशी फस्त केली. फवारण्यांवर फवारण्या करूनही ती आवरली नाही, आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. पुढच्या दोन वर्षांत प्रयोगशाळांनी सांगितले की अळी पायरेथ्रॉइडला दाद देत नाही. १९९० च्या दशकात नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत डॉ. केशव क्रांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणच्या अळ्या आणून तपासल्या. पचवण्याची शक्ती ओळखण्याची एक रीत अशी, की विषाबरोबर पायपेरोनिल ब्युटॉक्साइड द्यायचे. ते स्वतः अळीला फारसे मारत नाही, पण पी-४५० विकरांचे हात बांधते. मग तीच निर्धास्त अळी थोड्या विषाने मेली, तर समजायचे की ती पचवून जगत होती. या पदार्थाच्या शोधाची वाट तिळाच्या तेलातून गेली आहे. १९४० च्या सुमारास अमेरिकेत आढळले की पायरेथ्रमात तिळाचे तेल घातले तर त्याचा मारा वाढतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला लावतो ते तिळाचे तेल!

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शेतकऱ्याने कीड मारावी की नाही, हा माझा प्रश्न नाही. पीक राखायचे तर काही जीव मारावेच लागतात. आमच्या शेजारचे जैन कुटुंब चातुर्मासात दिवस मावळण्याआधी जेवते, अन्नात चिलटही पडू नये म्हणून. त्या काळजीपुढे मी मान लववतो. ते व्रत मला झेपणार नाही हेही मला ठाऊक आहे. पण त्यांचा आणि माझा हिशेब एका बाबतीत सारखाच होता. हिंसेचे माप आपण मेलेल्यांवरून करतो. किती मारले, का मारले, टाळता आले असते का. फवारणीने मला दाखवले की एक दुसराही हिशेब आहे, आणि तो उरलेल्यांचा. माझ्या कृतीनंतर जग कोणाच्या ताब्यात राहिले? मी कोणाला सोडले, आणि ज्यांना सोडले ते कोणाच्या शेतात जाणार? मेलेल्यांचा हिशेब माझ्या पंपाबरोबर संपतो. उरलेल्यांचा शेजाऱ्याच्या बांधावर आणि पुढच्या पिढीत चालू राहतो.

लालबागेजवळ कुंडी भंडारा आहे. परगावचे पाहुणे आले की आपण तो दाखवायला नेतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून झिरपणारे पाणी अडवून शहराकडे वळवले गेले. शंभराहून अधिक कुंड्या, आणि त्यांना पोटातून जोडणारा एक बोगदा. वरून पाहिले तर प्रत्येक कुंडी सुटी दिसते. खाली पाणी एकच आहे. वरच्या अंगाला कोणी बेसुमार उपसा केला, तर खालच्या कुंडीवाल्याला आपले पाणी का उतरले ते दिसतही नाही.

अळीचे विषाने मरणे हीसुद्धा अशीच जमिनीखालची सामाईक ठेव आहे, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षे लागली. औषध लागू पडते, याचे श्रेय आपण बाटलीला देतो. खरे तर निम्मे श्रेय न पचवणाऱ्या अळ्यांचे असते. त्या आहेत तोवर बाटलीत दम आहे. गरज नसताना केलेली प्रत्येक फवारणी त्या ठेवीतून उपसा करते. शिवाय पचवणारे विकर एकाच विषापुरते थांबत नाही. ज्या विषाशी अळीची कधी गाठ पडली नाही तेही पुष्कळदा त्याला पचते. म्हणजे मी काल जे उपसले, त्याने उद्या दुकानात येणाऱ्या नव्या बाटलीचाही दम कमी झालेला असतो.

यावर शेजारचा शेतकरी म्हणेल, आणि तो रास्तच म्हणेल, "भाऊ, मी थांबलो आणि बाकीचे थांबले नाहीत तर? पतंग काय बांध ओळखतो?" नाही ओळखत. हिरव्या बोंडअळीचा पतंग कोसच्या कोस उडतो. एकट्याच्या संयमाने शिवार वाचत नाही, आणि सोसायटीचे कर्ज डोक्यावर असताना अळी दिसूनही हात बांधून बसा, असे त्याला सांगायला मला तोंड नाही. त्याला उधारीवर बाटली देणाराच त्याचा सल्लागारही असतो, ही व्यवस्था त्याने केलेली नाही. दोष सर्वांचा सारखा नसतो. पण 'एकट्याने काय होणार' हे वाक्य मी माझ्याच तोंडून, अगदी फुकटात होणारी गोष्ट टाळण्यासाठीही ऐकले आहे.

२००२ साली बीटी कपाशी आली. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाबरोबर एकशेवीस ग्रॅमचे छोटे पुडके असे, साध्या कपाशीचे. ते शेताच्या कडेने पेरायचे. बीटीच्या शेतात एखादी पचवणारी, टिकणारी अळी निघालीच, तर तिला जोडीदार साध्या ओळींतला मिळावा आणि तिचा गुण पातळ व्हावा, ही कल्पना. पुडक्याचे वेगळे पैसे पडत नव्हते. मी ते पेरले नाही. 'किड्यांना चारायला का पेरायचे?' म्हणून गोठ्याच्या फळीवर टाकले, आणि पुढच्या वर्षीचे त्याच्या शेजारी. गावोगावच्या फळ्यांवर तशी पुडकी होती. २०१० पर्यंत गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देईनाशी झाली. २०१७ साली महाराष्ट्रात तिने दुसऱ्या बीटीच्या बोंडांत हाहाकार केला. गुलाबी अळीची रीत वेगळी आहे. ती बीटीचे विष पचवत नाही; आतड्यात ते जिथे चिकटायचे ती जागाच बदललेली असते. पण उरलेल्यांचा हिशेब तोच.

आता साधे बी मुख्य बियाण्यातच मिसळून देण्याची पद्धत आली आहे. शहाणपणाचा निर्णय आहे; तरी ते पाकीट फोडताना मला थोडी लाज वाटते. माझ्या विवेकावर विसंबता येत नाही, असे त्या मिसळलेल्या बियांनी लिहून दिल्यासारखे वाटते. आपल्या खळ्यावर एके काळी बलुतेदाराचा वाटा निघत असे. ती दया नव्हती. सुतार, लोहार राहिले तर गाव राहते, हा व्यवहार होता. कडेच्या चार ओळी हे किडीचे बलुते होते. मी ते बुडवले.

आणि बुडवलेल्या बलुत्याची वसुली बहुधा दुसऱ्याकडून होते. औषध लागू पडेना की एकाची दोन झाकणे होतात, दोन औषधे कालवली जातात, लाल त्रिकोणाची बाटली उघडते. ते सगळे ज्याच्या पाठीवर चढते तो पुष्कळदा शेताचा मालक नसतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. ती बातमी वाचली तेव्हा मला वीस वर्षांपूर्वीचा आमचा बांध दिसला. विष पचवणारी विकरे आपल्याही यकृतात आहेत, अळीच्याच कुळातली. पण माणसांत अशी निवड व्हायला पिढ्यान्‌पिढ्या मरावे लागते. तशी किंमत मोजून आलेला प्रतिकार कोणाला हवा आहे?

आमच्या सालदाराने त्यानंतर पंप उचलला नाही. पुढच्या खरिपात त्याचा मुलगा आला, आणि मी त्याला पंप दिला. दोन झाकणांचे माप बदलायला मला आणखी काही वर्षे लागली. हे लिहिल्याने ते पुसले जाणार नाही. त्या दवाखान्यातल्या प्रश्नाचे खरे उत्तर, 'दादा, मरणाऱ्या मेल्या; तुझ्या-माझ्या हातांनी आपण न मरणाऱ्या निवडल्या,' हे मी त्याला अजून दिलेले नाही. तो अलीकडे फारसा भेटत नाही. भेटला तरी एवढे लांब वाक्य मला हिंदीत नीट जुळवता येईल की नाही, शंका आहे.

गेल्या वर्षी वसुबारसेला शेजारचा तरुण ओट्यावर आला. "काका, अळी दिसतेय. कोणतं औषध मारू?" मी म्हणालो, "आधी मोजू." दोघे शेतात गेलो. तिरके चालत वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे तोडली आणि बांधावर बसून एकेक फोडले. विसांत दोन किडकी निघाली तर फवारायचे, असा जाणकारांचा दंडक आहे. एकात अळी निघाली, गुलाबी, तांदळाएवढी. बाकीची स्वच्छ होती.

"एकच आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मारली नाही तर वाढेल ना?"

"वाढेल कदाचित. तीन-चार दिवसांनी पुन्हा मोजू."

त्याचे समाधान झाले असे वाटले नाही. माझेही पुरते झाले नव्हते. पण पाडव्यानंतर तो पुन्हा आला, आणि या वेळी बोंडे तोडायची पिशवी त्यानेच आणली होती.